कानशिलाआडची चिवचिव

डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर बोट ठेवा आणि कानाकडे सरकवत न्या. गालाच्या हाडाची कमान लागेल. तिच्या किंचित वर, कानाच्या जरा पुढे थांबा. हे कानशील. बोटाखाली एखादी नाडी उडताना जाणवेल, पण ती कातडीलगतची. आपल्याला जायचंय आणखी आत. या बोटासमोर साधारण पाच सेंटिमीटर खोल, कवटीच्या आत, दुसरी एक धमनी वाहते आहे. रुंदी जेमतेम तीन मिलिमीटर. बोलणं, हाताची पकड, चेहऱ्यावरचं हसू सांभाळणाऱ्या मेंदूच्या फार मोठ्या भागाला रक्त पोचतं ते हिच्यातून. डॉक्टर तिला मिडल सेरेब्रल आर्टरी म्हणतात. आपण ‘मधली धमनी’ म्हणू.

आता खरी गंमत ऐका. या धमनीतलं रक्त वाहताना ऐकता येतं. सुई नाही, चिरा नाही, क्ष-किरण नाहीत. थोडी जेली, एक छोटा प्रोब आणि एक स्पीकर. स्पीकरमधून आवाज येऊ लागतो: झूऽप, झूऽप, झूऽप. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला एक. तुम्ही ऐकत बसता. पाच मिनिटं जातात, दहा जातात. आणि मग मध्येच:

चिक्!

खिडकीबाहेर चिमणीनं एकदाच चोच उघडावी तसं. लगेच पुन्हा झूऽप, झूऽप. पलंगावरचा माणूस शांत पडून आहे. त्याला काही दुखलं नाही, काही कळलंही नाही. पण आत्ता, या क्षणी, त्याच्या मेंदूच्या दिशेनं रक्तातून काहीतरी वाहत गेलं. एखादी सूक्ष्म गुठळी, मेदाचा कण, नाहीतर हवेचा बुडबुडा. आणि आपण ते जाताना ऐकलं.

हे कसं शक्य झालं? आणि त्या एवढ्याशा ‘चिक्’वरून पक्षाघाताचा धोका कसा ओळखायचा?

आधी त्या वाहून जाणाऱ्या कणाकडे पाहू. रक्तातून एका जागचा तुकडा वाहत जाऊन दुसऱ्या जागी अडकतो, ही कल्पना आज आपल्याला साधी वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रुडॉल्फ व्हिर्चो या जर्मन डॉक्टरनं ती सिद्ध केली आणि तिला ‘एम्बॉलिझम’ हे नाव दिलं. असा प्रवासी तुकडा म्हणजे एम्बोलस. तो निघतो कुठून? बहुतेक वेळा मानेतल्या कॅरोटिड धमनीत साचलेल्या मेदाच्या थरावरून किंवा हृदयाचे ठोके अनियमित झाल्यावर हृदयाच्या कप्प्यात साकळलेल्या रक्तातून. आणि जातो कुठे? जिथे रक्ताचा ओढा मोठा तिथे. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच खातो. तेव्हा मानेतून सुटलेल्या कणाला मेंदूचा रस्ता म्हणजे हमरस्ताच!

मोठी गुठळी मेंदूच्या मोठ्या धमनीत अडकली तर काय होतं, याचा हिशोब जेफ्री सेव्हर या अमेरिकी मेंदूतज्ज्ञानं २००६ साली मांडला. दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. तुम्ही हे वाक्य वाचून संपवेपर्यंत लाखभर.

सुदैवानं, कानशिलातून ऐकू येणारे कण बहुतेक वेळा इतके बारीक असतात की ते कुठेही फार काळ अडकत नाहीत. चुरडले जातात, विरघळतात, पुढे निघून जातात. मग त्यांची एवढी दखल का घ्यायची?

पावसाळ्यात घाटातून गेला असाल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. रस्त्यावर दोनचार खडे घरंगळत आले, तर त्या खड्यांनी गाडीचं काही बिघडत नाही. पण जाणता ड्रायव्हर खड्यांकडे बघत नाही, वर दरडीकडे बघतो. खडे सुटताहेत याचा अर्थ वरची माती ढिली झाली आहे. मेंदूकडे जाणारे हे सूक्ष्म कण म्हणजे ते खडे. कुठेतरी वर, मानेत किंवा हृदयात, एक दरड ढिली झाली आहे.

हे खडे माणसाच्या डोळ्यांना प्रत्यक्ष दिसले आहेत, हेही सांगायला हवं. शरीरात एक जागा अशी आहे जिथे रक्तवाहिन्या उघड्या बघता येतात: डोळ्याचा पडदा. त्याला रक्त पोचतं ते कॅरोटिड धमनीच्याच फांदीतून. मिलर फिशर या मेंदूतज्ज्ञानं १९५९ साली आपलं एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. एका डोळ्यापुढे थोडा वेळ अंधारी येऊन जाणाऱ्या रुग्णाच्या डोळ्यात ते नेमके अंधारीच्या वेळी बघत होते, आणि पडद्यावरच्या धमन्यांतून पांढुरके कण हळूहळू पुढे सरकताना त्यांना दिसले. दरडीचे खडे घरंगळताना! पण असा क्षण कितीदा सापडणार? आणि डोळ्यात दिसलं ते ठीक, कवटीआड मेंदूत काय चाललंय ते कसं बघणार?

बघायचं नाही. ऐकायचं.

त्यासाठी थोडं मागे जाऊ, १८४२ सालच्या प्राग शहरात. क्रिस्टियन डॉपलर नावाच्या गणिताच्या प्राध्यापकानं जोडताऱ्यांच्या रंगांवर एक निबंध वाचला. त्याचं म्हणणं असं की लाटा सोडणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर लाटा दाटतात आणि दूर जात असेल तर विरळ होतात. तुम्ही हे फलाटावर उभे राहून अनुभवलं आहे. न थांबणारी गाडी भोंगा वाजवत येते तेव्हा सूर चढा असतो आणि समोरून निघून जाताच तो खाली घसरतो. भोंगा तोच, गाडीच्या चालीमुळे बदलतो तो आपल्याला ऐकू येणारा सूर.

डॉपलरला आगगाडी सुचली नव्हती. ती सुचली बाउस बॅलट या डच शास्त्रज्ञाला. १८४५ साली त्यानं उत्रेख्तजवळच्या रुळांवर इंजिनाच्या डब्यात तुतारी वाजवणारे बसवले आणि रुळांच्या कडेला सुराचे पक्के कान असलेले वादक उभे केले. गाडी येताना सूर चढा, जाताना उतरता. डॉपलर खरा ठरला. ताऱ्यांसाठी मांडलेली कल्पना आगगाडीवर पारखली गेली. तीच पुढे आपल्या धमन्यांत शिरणार होती, हे त्या दोघांपैकी कुणाच्या स्वप्नात तरी आलं असेल का?

धमनीत भोंगा कोण वाजवणार? कुणीच नाही. तिथे आपण प्रतिध्वनीवर काम भागवतो. प्रोबमधला स्फटिक विजेनं थरथरतो आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज आत सोडतो. तो रक्तातल्या तांबड्या पेशींवर आदळून परत येतो. पेशी आपल्याकडे येत असेल तर परतणारा सूर चढलेला, दूर जात असेल तर उतरलेला. जपानमध्ये ओसाकाचे शिगेओ सातोमुरा यांनी १९५० च्या दशकात हृदयाची हालचाल आणि मग रक्ताचा प्रवाह असाच ऐकायला सुरुवात केली.

आणि इथे निसर्गानं आपल्यावर एक उपकार करून ठेवला आहे. हिशोब करून बघा. मेंदूसाठी वापरायचा आवाज सेकंदाला २० लाख कंपनांचा. माणसाचा कान जास्तीत जास्त २० हजारांपर्यंत ऐकतो. म्हणजे मूळ आवाज आपल्या कानाच्या कितीतरी पलीकडे. मधल्या धमनीतलं रक्त सेकंदाला साधारण ६० सेंटिमीटर वेगानं धावतं. शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर. या वेगांच्या गणितातून गेलेल्या आणि परतलेल्या सुरांतला फरक किती निघतो? सुमारे दीड हजार कंपनं! म्हणजे माणूस शीळ घालतो त्या टापूतला आवाज. कुठलंही रूपांतर न करता हा फरक थेट स्पीकरला जोडला की रक्ताचा वेग सूर होऊन ऐकू येतो. वेग वाढला, सूर चढला. वेग मंदावला, सूर उतरला. ऐकू न येणाऱ्या आवाजाची वजाबाकी ऐकू येते!

पण कण ऐकायची कल्पना कुणाला सुचली? ती आली समुद्रातून.

पाणबुडे खोल पाण्यात उतरतात तेव्हा दाबामुळे त्यांच्या रक्तात नायट्रोजन विरघळतो. ते घाईनं वर आले की सोड्याची बाटली उघडावी तसे रक्तात बुडबुडे होतात आणि जीवावर बेततं. अमेरिकेत सिएटल इथे मेरिल स्पेन्सर हे शरीरशास्त्रज्ञ १९६० च्या दशकाच्या शेवटी पाणबुड्यांचं रक्त डॉपलर यंत्रानं ऐकत होते. रक्ताच्या संथ झूऽपमध्ये बुडबुडा गेला की टोचरा आवाज येई. १९६९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच युक्ती उघड्या हृदयाच्या शस्त्रक्रियेत वापरली आणि धमन्यांतून जाणारी हवा टिपली. पाणबुड्यांच्या जिवासाठी शिकलेला कान ऑपरेशन थिएटरमध्ये पोचला.

तरी मेंदू दूरच होता, कारण मध्ये कवटी होती. हाड आवाज गिळून टाकतं. प्रौढ माणसाच्या कवटीतून मेंदूतल्या धमन्यांचा प्रवाह मोजता येणार नाही, असंच बहुतेकांचं मत होतं. १९८२ साली रुने आस्लिड या नॉर्वेजियन संशोधकानं, स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये काम करताना, या मताला खिंडार पाडलं. अक्षरशः! त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, आवाज खालच्या पट्टीचा घेतला, २ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तीच २० लाख कंपनं, कारण वरच्या पट्टीचे आवाज हाडात लवकर विरतात. दुसरी, कवटीतली सर्वांत पातळ जागा शोधली. ती कुठली? लेखाच्या सुरुवातीला तुम्ही बोट ठेवलंत ती! मेंदूतज्ज्ञ तिला आजही खिडकीच म्हणतात.

आता एक अडचण. या खिडकीतून आवाज आत गेला की वाटेत भेटेल त्या प्रत्येक रक्तवाहिनीवरून परतणार. मग मधली धमनी वेगळी कशी ऐकायची? विहिरीत दगड टाकून ‘डुबुक’ ऐकू येईपर्यंत आपण आकडे मोजतो आणि खोली ओळखतो ना, तेच इथे. पाच सेंटिमीटरवर जाऊन परत यायला आवाजाला सेकंदाचे साधारण ६५ दशलक्षांश भाग लागतात. यंत्र आवाजाचा छोटा तुकडा सोडतं, कान मिटून घेतं, बरोबर तेवढा वेळ थांबतं, क्षणभर कान उघडतं आणि पुन्हा मिटतं. आधी आलेले प्रतिध्वनी अलीकडचे, नंतरचे पलीकडचे, दोन्ही नकोत. हा खेळ सेकंदाला हजारो वेळा चालतो. दारावरचा राखणदार पापणी लवायच्या आत शंभरदा दार उघडतो आणि दर वेळी नेमका आपलाच पाहुणा आत घेतो, असं समजा.

खिडकी सापडली, कान तयार झाला. १९९० साली स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी मानेतल्या धमनीचा आतला मेदाचा थर काढण्याच्या शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णांची मधली धमनी ऐकली. धमनी उघडल्यावर बुडबुडे ऐकू येणार, हे अपेक्षितच होतं. पण ‘चिक्’ असे आवाज धमनी उघडण्याच्या आधीही येत होते! हवा शिरायला तर कुठे जागाच नव्हती. म्हणजे हे बुडबुडे नव्हते. रक्तातलेच घन कण होते, दरडीवरून सुटलेले खडे. यांत्रिक कानानं ते पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूत शिरताना टिपले.

तुम्ही विचाराल, एवढासा कण एवढा मोठ्यानं कसा ओरडतो? रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. त्या गर्दीत एक कण वेगळा ऐकू येतो कसा? याचं उत्तर भौतिकशास्त्रातल्या एका अजब नियमात आहे. आवाजाच्या लाटेपेक्षा खूप लहान असलेल्या कणावरून परतणाऱ्या आवाजाची ताकद कणाच्या आकाराच्या सहाव्या घातानं वाढते. आकार दुप्पट झाला तर आवाज दुप्पट नाही, चौपट नाही, तर ६४ पट! तिप्पट झाला तर ७२९ पट. तांबडी पेशी एक मिलिमीटरच्या हजारातल्या सात-आठ भागांएवढी. तिच्यापेक्षा कितीतरी मोठी गुठळी त्या गर्दीतून गेली की जत्रेच्या कोलाहलात कुणी एकदम शिंग फुंकावं तसं होतं. बुडबुडा तर आणखी वरचढ, कारण आवाज रक्तातून हवेवर आदळला की जवळजवळ पुरता उलटून येतो.

या आवाजाचं वर्णन कसं करायचं, यावर जगभरचे तज्ज्ञ एकत्र बसले आणि १९९५ साली त्यांनी लक्षणांची यादी प्रसिद्ध केली. आवाज ०.३ सेकंदाहून कमी टिकावा. आजूबाजूच्या रक्तापेक्षा किमान ३ डेसिबल, म्हणजे दुप्पट ताकदीचा असावा. तो प्रवाहाच्या एकाच दिशेला दिसावा. आणि ऐकायला कसा असावा? चुटकीसारखा, चिवचिवाटासारखा किंवा कण्हण्यासारखा! शास्त्रज्ञांच्या काटेकोर यादीत चिवचिवाट हा निकष म्हणून लिहिलेला पाहून मला दर वेळी आनंद होतो. यंत्र कितीही पुढारलं तरी शेवटी पारख माणसाच्या कानाचीच.

तपासणी प्रत्यक्ष कशी होते ते जवळून बघू. रुग्ण उताणा झोपतो. कानशिलाला गार जेली लागते. प्रोब हातानं हळूहळू फिरवला जातो, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरनं, कारण खिडकी छोटी आहे. सुरुवातीला नुसती खरखर. मग एकदम, रेडिओचं स्टेशन लागावं तसा, स्वच्छ झूऽप. तो सापडला की डोक्याभोवतीच्या पट्ट्यात प्रोब घट्ट बसवतात आणि मग एक तास कुणी काही करायचं नाही. फक्त ऐकायचं. पडद्यावर ठोक्यागणिक एक रंगीत डोंगर उभा राहतो आणि सरकत जातो. कण गेला की त्या डोंगराच्या पोटात एक झळझळीत ठिपका उमटतो. त्याच क्षणी स्पीकरमधून ‘चिक्’.

पण रुग्ण खोकला, त्यानं आवंढा गिळला, दात चावले, तरी यंत्र आवाज करतं. खरा कण कसा ओळखायचा? इथली युक्ती तर टाळी द्यावी अशी आहे. यंत्र एकाच धमनीत दोन जागी कान लावतं, एक खोल, एक जरा अलीकडे. मधल्या धमनीतलं रक्त खिडकीच्या दिशेनं वाहत येतं. तेव्हा खरा कण आधी खोलवरच्या कानाला ऐकू येणार आणि किंचित नंतर अलीकडच्या. दोन कानांत एक सेंटिमीटर अंतर असेल तर हा उशीर सेकंदाच्या साठाव्या हिश्श्याएवढा. खोकल्याचा धक्का मात्र दोन्हीकडे एकाच वेळी पोचतो. प्रवासाला वेळ लागतो, धक्क्याला लागत नाही. चोर आणि साव असे वेगळे होतात.

आता मुख्य प्रश्न. हे ‘चिक्’ ऐकून पुढच्या धोक्याबद्दल खरंच काही सांगता येतं का?

याचं उत्तर दोन लंडननी दिलं. एक इंग्लंडमधलं, दुसरं कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातलं. इंग्लंडच्या लंडनमधून ह्यू मार्कस यांनी एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास चालवला. मानेतली धमनी ७० टक्के किंवा त्याहून अधिक अरुंद झाली आहे, पण त्या बाजूनं अलीकडे कसलाही त्रास झालेला नाही, अशी माणसं त्यात होती. २०१० साली निष्कर्ष आले. तपासता आलेल्या ४६७ जणांपैकी ७७ जणांच्या मेंदूकडे कण जाताना ऐकू आले. पुढची दोन वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं. कण ऐकू न आलेल्यांत त्या बाजूच्या पक्षाघाताचं प्रमाण वर्षाला ०.७ टक्के होतं. कण ऐकू आलेल्यांत ३.६ टक्के. पाच पटींहून अधिक! विचार करा, या सगळ्यांच्या धमन्या सारख्याच धोकादायक दिसत होत्या. डोळ्याला जो फरक दिसला नाही, तो कानाला ऐकू आला.

कॅनडातल्या लंडनमध्ये डेव्हिड स्पेन्स यांनी २००५ साली अशाच ३१९ रुग्णांचा अनुभव मांडला. दहातल्या एकाच्या मेंदूकडे कण जात होते. वर्षभरात पक्षाघात झाला तो कण ऐकू आलेल्यांपैकी १५.६ टक्के लोकांना आणि बाकीच्यांपैकी फक्त १ टक्क्याला. मानेतली धमनी अरुंद आहे म्हणून सरसकट प्रत्येकाची शस्त्रक्रिया करायची का, हा जुना वाद आहे. त्या वादात हा आवाज मोठा साक्षीदार ठरला. युरोपातल्या रक्तवाहिनीतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतही जास्त धोक्याचा रुग्ण ओळखण्याच्या खुणांमध्ये या आवाजाला जागा मिळाली आहे.

आणि त्याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. औषध लागू पडतंय का, तेही ऐकता येतं!

पक्षाघात टाळणारं औषध पारखायचं तर एरवी हजारो रुग्ण आणि कित्येक वर्षं लागतात. कारण पक्षाघात सगळ्यांना होत नाही, त्याची वाट बघावी लागते. पण खडे घरंगळायचे कमी झाले का, हे लगेच मोजता येतं. २००५ सालच्या एका अभ्यासात फक्त १०७ रुग्ण होते. सगळ्यांच्या मानेतल्या अरुंद धमनीनं नुकताच त्रास दिलेला आणि सगळ्यांच्या मेंदूकडे कण जात असलेले. निम्म्यांना नुसतं ॲस्पिरिन, निम्म्यांना ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल. सातव्या दिवशी पुन्हा कान लावला. नुसत्या ॲस्पिरिनवाल्यांपैकी ७३ टक्के लोकांत अजून चिवचिव होती. दोन औषधांवाल्यांत ४४ टक्क्यांत. एका आठवड्यात उत्तर!

हाँगकाँगच्या लॉरेन्स वाँग यांच्या पुढाकारानं आशियात झालेल्या अभ्यासानं २०१० साली मेंदूच्या आतल्या अरुंद धमन्यांबद्दलही असंच दाखवलं. दुसऱ्याच दिवशी फरक दिसला. आपल्यासाठी हे विशेष महत्त्वाचं, कारण कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण युरोपियनांपेक्षा आशियाई लोकांत, भारतीयांतही, जास्त आढळतं. आणि स्पेन्स यांच्या दवाखान्यात? तिथे २००३ पासून मेदाच्या थरावर औषधांचा नेटानं मारा सुरू झाला. ज्यांच्यात कण ऐकू येत त्यांचं प्रमाण १२.६ टक्क्यांवरून ३.७ टक्क्यांवर आलं. औषधानं दरडीला जाळी बसवली आणि खडे घरंगळायचे थांबले.

तर मग प्रत्येक चिवचिव म्हणजे संकट का? मुळीच नाही, आणि हे शोधून काढण्याची गोष्टही अफलातून आहे. हृदयात धातूची किंवा कार्बनची कृत्रिम झडप बसवलेल्या माणसांना ऐकलं तर कधी कधी तासाला शेकडो ‘चिक्’ येतात, आणि माणसं ठणठणीत! हे कसं? डॉक्टरांनी त्यांना शुद्ध प्राणवायू हुंगायला दिला. चिवचिव झपाट्यानं कमी झाली. गुठळी काही प्राणवायूनं अशी क्षणात विरघळत नाही. म्हणजे हे बुडबुडे होते! झडप खाडकन मिटते तेव्हा तिच्या कडेला क्षणभर दाब कोसळतो आणि रक्तातला वायू बाहेर पडतो. प्राणवायू हुंगला की रक्तातला नायट्रोजन निघून जातो, बुडबुड्यांना तग धरता येत नाही. पाणबुड्यांच्या रक्तातला तोच नायट्रोजन इथे पुन्हा भेटला. पुढे घन कण आणि वायू वेगळे ओळखण्यासाठी एकाच वेळी दोन पट्ट्यांचे आवाज सोडणारी यंत्रंही झाली.

बुडबुड्यांना मग डॉक्टरांनी कामालाच लावलं. आईच्या पोटात असताना प्रत्येक बाळाच्या हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमध्ये एक झडपेसारखी वाट असते. जन्मानंतर ती मिटते, पण साधारण चारांपैकी एका माणसात पुरती बंद होत नाही. तरुण माणसाला कारण सापडत नसलेला पक्षाघात झाला तर ही चोरवाट शोधायची असते. नऊ मिलिलिटर सलाइन आणि एक मिलिलिटर हवा दोन सिरिंजमध्ये इकडून तिकडे घुसळायची. त्यात बारीक बुडबुड्यांचा फेस होतो. तो हाताच्या शिरेत सोडायचा, रुग्णाला श्वास कोंडून जोर करायला सांगायचं आणि कानशिलावर कान लावून बसायचं. वाट बंद असेल तर फुप्फुसं सगळे बुडबुडे गाळून घेतात आणि स्पीकर शांत राहतो. वाट उघडी असेल तर काही सेकंदांतच चिक्, चिक्, चिक्, कधी तर पत्र्यावर पाऊस पडावा तशी सरच. हृदयातलं भोक कानशिलातून ऐकू येतं!

या कानाला मर्यादा आहेत. काहींच्या कानशिलाचं हाड इतकं जाड असतं की खिडकी उघडतच नाही. वयस्क बायकांत हे जास्त. शंभरातल्या दहा-वीस जणांच्या बाबतीत अशी अडचण येते. तासभर चिवचिव ऐकू आली नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही. दरड दुपारी शांत असते आणि रात्री खडे टाकते. म्हणून ही तपासणी ज्याची त्यानं हौसेनं करून घ्यायची नाही. कुणाला ती हवी, ते मेंदूतज्ज्ञ ठरवतात.

पण या सगळ्यातून एक गोष्ट प्रत्येकानं उचलावी अशी आहे. मेंदूकडे जाणारे खडे बहुतेक वेळा मुके असतात. कधी एखादा खडा क्षणभर अडकतो आणि मग माणसाला यंत्राशिवायच चाहूल लागते. एका डोळ्यापुढे पडदा येतो आणि जातो. हात पाच मिनिटं लुळा पडतो आणि पुन्हा चालू लागतो. जीभ जड होते, तोंड वाकडं होतं, चहा थंड व्हायच्या आत सगळं ठीक होतं. आपण म्हणतो, पित्त असेल, झोप झाली नसेल, गेलं ते गेलं.

गेलेलं नसतं. ती दरडीची हाक असते. असं घरात कुणाला झालं तर बरं वाटलं तरी त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्या. त्रास चालूच असेल तर घड्याळ बघा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याची मुदत पहिल्या साडेचार तासांची आहे आणि जितकं लवकर तितकं चांगलं. रक्तदाब, साखर आणि तंबाखू या तिघांवर लगाम ठेवा. दरड ढिली करतात ते हेच.